कातरीननं टाकलेले रविवार

ऐक देवबापा, तुझ्या दिवसाची कहाणी. ऐका ग आयाबायांनो. क्रुसापाशी मेणबत्ती लावली आहे, जपाची माळ म्हणून झाली आहे. आता हात मांडीवर ठेवा आणि ऐका.

खाडीच्या तोंडाशी एक आटपाट कोळीवाडा होता. पुढे समुद्र, मागे खाजण, मध्ये वाळूवर घरं. वाळूच्या टोकाला ख्रिस्ताचं देऊळ, वर पांढरा क्रूस, आत मरियामाय. त्या कोळीवाड्यात इनास नावाचा कोळी राहत होता. त्याची बायको कातरीन, त्याची आई मोनीआय. मोनीआयचे पाय गेले होते. बसल्या जागेवरून तिला उठता येत नसे, घरातल्या घरात हातांवर सरकत फिरे. घर कुडाचं, होडी जुनी, जाळं फाटकं, पण तिघं एकमेकांना धरून होती.

एके वर्षीं काय झालं? इनासला ताप आला. आला तो हटेना. होडी वाळूवर पालथी पडली. मग कातरीन खाजणात जाई, चिखल तुडवी, शिंपल्या वेची. शिंपल्या विकून तांदूळ आणी, तांदळाची पेज करी. एक वाटी नवऱ्याला, एक वाटी सासूला, उरली तर आपल्याला. बहुतेक उरत नसे.

एके दिवशीं ती रिकामी पाटी घेऊन घरीं आली आणि उंबऱ्यावर बसून रडू लागली. सासूनं विचारलं, "काय झालं ग?"

"आय, मी सकाळी शिंपल्यांना जाते, दुपारी बाजारात जाते, संध्याकाळी सरपणाला जाते. तरी चूल रोज पेटत नाही. आता मी काय करू?"

मोनीआय म्हणाली, "तू रविवार धर."

"रविवार धरायचा म्हणजे काय करायचं?"

मग मोनीआयनं व्रत सांगितलं. "शनिवारी दिवस कलला की जाळं वाळत घालावं. रविवारी होडी पाण्यात लोटू नये, पाटी डोक्यावर घेऊ नये. न्हाऊनधुऊन देवळात मिस्साला, रविवारच्या उपासनेला जावं. जाताना एकटं जाऊ नये. ज्याला आपल्या पायांनी जाता येत नाही, त्याला बरोबर न्यावं. घरीं येऊन जे शिजेल, त्यातलं दारीं आलेल्याला आधी द्यावं. घर रितं असलं तर कुरकुरू नये, घर भरलं तर विसरू नये."

"असं किती दिवस करायचं?"

"देव श्वास देईल तोवर."

"आणि याचं फळ काय?"

मोनीआय हसली. म्हणाली, "बाकीचे दिवस आपण फळासाठीच राबतो ना? हा एक दिवस देवाला नुसता द्यावा. त्याचं काय मिळेल ते विचारू नये." मग पुढे म्हणाली, "आणि पाय नसलेल्याला न्यावं, हे मी माझ्यासाठी सांगते असं समजू नकोस. माझ्या सासूनं मला असंच सांगितलं होतं. तेव्हा माझे पाय धड होते."

कातरीननं मान डोलावली, मनीं धरलं.

पहिला रविवार आला. इनास अंथरुणात होता. मग कातरीननं काय केलं? सासूला न्हाऊ घातलं, तिला देवळात जायचं लाल लुगडं नेसवलं, आणि तिला पाठीवर घेतलं. वाळूतून चालली. थोडं चाले, थोडं टेके, पुन्हा उठे. मोनीआय पाठीवरून म्हणे, "मी जड झाले का ग?" कातरीन म्हणे, "पाटीपेक्षा हलकी आहेस आय." देवळाच्या बाजूच्या दाराशी वारा येतो, तिथं तिला बसवलं. गाणं सुरू झालं. मोनीआयच्या तोंडात दात नव्हते, तरी तिनं सगळी कडवी म्हटली. मिस्सा झाला, दोघी घरीं आल्या. दारीं एक बांगडीवाली आली होती, तिला आधी पेज दिली.

दुसऱ्या रविवारी इनास उठून बसला. तिसऱ्या रविवारी इनास दारापर्यंत चालत आला. मग त्यानं एक लाकडी खुर्ची घेतली, तिला दोन बाजूंनी दोन बांबू बांधले. तेव्हापासून इनास पुढे, कातरीन मागे, आणि मध्ये खुर्चीत मोनीआय, अशी तिघं देवळाला जाऊ लागली. वाटेत मोनीआय सगळ्या वाड्याची विचारपूस करी. हिचं बाळ बरं आहे का, तिची विहीर आटली का, त्याची बोट रंगवली का. लोक तिची वाट बघत. तिचा तो दिवस आठवडाभर पुरे. सोमवारी ती कालची गाणी म्हणे, मंगळवारी फादर काय बोलले ते सांगे, आणि शुक्रवार उजाडला की लुगडं उन्हात टाकायला लावी.

समुद्रानंही हात दिला. बोंबील आले, मांदेली आली, पापलेट आलं. तिघं श्रीमंत झाली नाहीत. पण चूल रोज पेटू लागली, कातरीनच्या वाटीतही पेज उरू लागली. असे बरेच दिवस गेले.

मग एकदा कातरीन माहेरी लग्नाला गेली. बहिणींच्या गळ्यात सोनं होतं. त्या मांडवात पुढे बसल्या. कातरीनच्या गळ्यात काळा दोरा आणि क्रूस. तिला कुणी वाईट बोललं नाही. फक्त मोठी बहीण म्हणाली, "कातरीन, तू आपली चुलीकडे बघ, तुला सवय आहे." कातरीननं चुलीकडे बघितलं. भात केला, कालवण केलं, मांडे वाढले. पण मनांत काटा रुतला. तो घरीं आल्यावरही निघाला नाही.

तेवढ्यात धक्क्यावर शहरातला एक शेट आला. बर्फाची गाडी घेऊन आला. त्यानं इनासला गाठलं आणि म्हणाला, "सगळा वाडा रविवारी होड्या बांधून ठेवतो. शहरात मात्र रविवारी संध्याकाळी मासळीवर उड्या पडतात. मी तुम्हांला इंजिनाची बोट देतो. बोट माझी, कष्ट तुमचे, मिळेल त्यात निम्मं निम्मं. एकच अट. रविवारची मासळी चुकायची नाही."

इनास म्हणाला, "शेट, आमच्यात रविवार देवाचा असतो."

शेट म्हणाला, "असू द्या की. देव सोमवारीही असतो."

इनासनं कातरीनकडे पाहिलं. घरातला व्यवहार तिच्याच हातीं होता. कातरीनचं मन म्हणालं, नाही म्हण. पण मांडव आठवला, चूल आठवली, आणि तोंड म्हणालं, "थोडे रविवार जाऊन बघू."

पहिला रविवार आला. मोनीआय पहाटेच जागी झाली. न्हाऊन, लुगडं नेसून, हातीं माळ घेऊन खुर्चीत बसली. म्हणाली, "निघायचं का ग?" कातरीन म्हणाली, "आय, आज बोटीचा पहिला फेरा आहे. पुढच्या रविवारी नेते." मोनीआय म्हणाली, "बरं."

दुसरा रविवार आला. मोनीआय न्हाली, लुगडं नेसली, खुर्चीत बसली. "निघायचं का ग?" "आय, आज भरती लवकर आहे. पुढच्या रविवारी नेते." मोनीआय म्हणाली, "बरं."

तिसरा रविवार आला. मोनीआय न्हाली, लुगडं नेसली, खुर्चीत बसली. "निघायचं का ग?" "आय, आज शेट स्वतः यायचा आहे. पुढच्या रविवारी नेते." मोनीआय म्हणाली, "बरं."

त्यानंतर मोनीआयनं विचारायचं सोडलं. तरी पुष्कळ रविवार ती लुगडं नेसून बसत होती. मग एका रविवारी ती नेसली नाही. कातरीनच्या ते लक्षात आलं. लक्षात आलं, आणि तिला जरा मोकळंच वाटलं.

घर भरू लागलं. कुडाच्या भिंती गेल्या, विटांच्या आल्या. झावळ्या गेल्या, कौलं आली. शेटनं एका बोटीच्या दोन केल्या. कातरीनच्या गळ्यात काळ्या दोऱ्याच्या जागीं सोन्याची साखळी आली. दोन बोटींना माणसं लागली. वाड्यातले तरणे गडी कामाला आले. कातरीननं त्यांना सांगितलं, "जो रविवारी येणार नाही, त्याला सोमवारी काम नाही." ते येऊ लागले. मग रविवारी देवळात बाकं रिकामी दिसू लागली. जी म्हातारी माणसं लेकाच्या हाताला धरून देवळात येत, ती घरीं राहू लागली.

कातरीननं देवाला अगदीच सोडलं होतं असं नाही. सणाला तिनं देवळात चांदीचे दोन दिवे दिले. फादरनी ते हातीं घेतले, म्हणाले, "सुंदर आहेत. मोनीआय बरी आहे ना? तिची जागा रिकामी असते."

"बरी आहे," असं म्हणून कातरीन घरीं आली, आणि वाटभर तिच्या मनांत राग होता. एवढं दिलं, आणि विचारलं काय, तर म्हातारीचं.

घरीं ती रोज प्रार्थनेला गुडघे टेकी. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणून सुरू करी, आणि मध्येच मनांत बर्फ येई, डिझेल येई, उद्याचा भाव येई. कुठवर म्हटलं ते आठवत नसे. मग ती क्रूस करून उठे. असं होऊ लागलं, आणि होता होता त्याचीही सवय झाली.

पाऊस संपला. मोनीआय वाळत चालली. तिचं जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. एका शनिवारी तिनं कातरीनला हाक मारली. म्हणाली, "कातरीन, उद्या मला ने."

किती दिवसांनी मागितलं होतं. कातरीन तिच्यापाशी बसली. म्हणाली, "नेते आय. उद्या नक्की नेते."

खोटं म्हणाली नाही ती. मनापासून म्हणाली. बोटीवरच्या दोघा गड्यांना तिनं सांगून ठेवलं, "सकाळी अंघोळ करून या, आयला खुर्चीतून देवळात न्यायचं आहे." पेटीतून लुगडं काढलं, झटकलं, उन्हात टाकलं. रविवारी सकाळी पाणी तापवलं, आपल्या हातांनी सासूचं डोकं न्हाऊ घातलं, केस पुसले, विंचरले. केस अगदी थोडे उरले होते. मोनीआय डोळे मिटून बसली होती. म्हणाली, "बरं वाटलं." मग तिला खुर्चीत बसवलं. बांबू बांधले होतेच. दोघे गडी आले.

आणि तेवढ्यात धक्क्यावर आरडाओरडा झाला. इनासची बोट आली होती. जाळ्यात घोळ सापडली होती. एक नाही, दोन नाही, थवाच सापडला होता. घोळ म्हणजे मोलाची मासळी. जन्मात एकदा असा थवा मिळतो, आणि ज्याला मिळतो त्याचं नशीब उघडतं. ऊन चढलं की माल नासायचा. शेट गाडी घेऊन उभा होता. हात कमी पडत होते.

कातरीननं खुर्चीकडे पाहिलं, धक्क्याकडे पाहिलं. मग गड्यांना म्हणाली, "आधी मासळी उतरवून घेऊ. अजून पहिली घंटा व्हायची आहे." सासूला म्हणाली, "आय, आत्ता येते. तिसऱ्या घंटेला मिस्सा लागतो, त्याच्या आत येते."

मोनीआय या वेळी बरं म्हणाली नाही. "बघ ग," एवढंच म्हणाली.

कातरीन धक्क्यावर गेली. पहिली घंटा झाली. कातरीननं ऐकली. अर्धी बोट उतरायची होती. म्हणाली, एवढं होऊ दे. दुसरी घंटा झाली. कातरीननं ऐकली. वजन चाललं होतं. म्हणाली, एवढं होऊ दे. तिसरी घंटा झाली. कातरीननं ऐकली. शेटशी भावाची बोलणी चालली होती, आणि शेट वर वर चढत होता. तिन्ही घंटा तिनं ऐकल्या. ऐकू आल्या नाहीत, असं तिला पुढे कधी म्हणता आलं नाही.

सगळं आटोपलं. पदराला भली मोठी गाठ मारून, दोघा गड्यांना घेऊन ती घरीं आली. पाहते तर काय? खुर्ची रिकामी. घरात आय नाही, ओटीवर आय नाही. दारापुढच्या वाळूत मात्र काहीतरी ओढत नेल्यासारखी लांबच लांब खूण होती. ती देवळाच्या वाटेनं गेली होती.

कातरीन त्या खुणेवरून धावली. वाटेच्या वळणावर उंडीचं झाड आहे. तिथं मोनीआय बुंध्याला टेकून बसली होती. मिस्सा सुटून लोक परत येत होते, ते तिच्याभोवती थांबले होते. कुणी पाणी पाजत होतं, कुणी लुगड्याची वाळू झाडत होतं. तिचे दोन्ही तळहात सोलले होते. लोकांनी कातरीनला पाहिलं. बाजूला सरून वाट दिली.

कातरीन खाली बसली. म्हणाली, "आय, मी येतच होते."

मोनीआय म्हणाली, "इथवर आले मी. पुढे हात चालेनात. पण इथवर ऐकू येतं ग. गाणी सगळी ऐकू आली. फादर काय बोलले ते मात्र काही कळलं नाही."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. रुसवा नव्हता. दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशी सांगत होती. कातरीनला वाटलं, ही मला बोलेल, शिव्या देईल, तर बरं होईल. पण तिनं सोललेला हात कातरीनच्या डोक्यावर ठेवला, आणि म्हणाली, "घामेजलीस की ग."

"आय, येत्या रविवारी मी स्वतः नेते. बोट बुडाली तरी नेते."

"हो, हो," मोनीआय म्हणाली.

पण रविवार दूर होता. मोनीआयला ताप भरला. फादर घरीं आले, तिला आजाऱ्याचं पवित्र तेल लावलं, प्रसाद दिला. शुक्रवारी ती गेली. शनिवारी सगळा वाडा जमला, तिला देवळात नेलं, मग मातीत ठेवलं. त्या दिवशीं धक्क्यावरून एकही बोट सुटली नाही. तसं कुणाला सांगावं लागलं नाही.

रविवार उजाडला. कातरीन उठली, चूल पेटवली, हंडा ठेवला. पाणी तापलं, वाफ आली, तेव्हा तिच्या ध्यानी आलं की आपण आयच्या अंघोळीचं पाणी तापवलं. ते ओतावं कुठे, हे तिला कळेना. ती हंड्यापाशी बसून राहिली.

मग बर्फाची गाडी आली. कातरीन उठली आणि धक्क्यावर गेली. म्हणाली, "शेट, आज मासळी नाही. पुढच्याही रविवारी नाही."

शेट म्हणाला, "घरात दुःख झालंय, मला समजतं. महिना जाऊ द्या."

"महिन्यानंतरही नाही."

"मग बोटी माझ्या आहेत, बाई."

"तुमच्याच आहेत. न्या."

इनास मागेच उभा होता. शेट गेल्यावर म्हणाला, "आय तर गेली. बोटी सोडून ती परत येणार आहे का?"

"नाही येणार."

"मग हे कुणासाठी?"

कातरीननं गेलेल्या गाडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "देवासाठी. आधीच त्याच्यासाठी केलं असतं, तर आयसाठीही झालं असतं. आपण तेवढंही केलं नाही."

इनास वाळूवर बसून राहिला. दुपारी उठला आणि जुनी होडी कुठं कुठं फुटली आहे ते बघू लागला.

पण एवढ्यानं झालं का? नाही झालं. बोटी गेल्या, तसं गड्यांचं कामही गेलं. ते दारीं आले. त्यांतला दुमिंग म्हणून होता, तो म्हणाला, "काकी, तुमच्या बोटीसाठी आम्ही रविवार सोडला. आता तुमच्या रविवारासाठी आम्ही चूल सोडायची का?" कातरीननं गळ्यातली साखळी काढली, हातांतल्या बांगड्या काढल्या. सोनं मोडलं, जाळी आणली, गड्यांना वाटून दिली. काहींनी घेतली. काहींनी घेतली आणि बोलणं टाकलं. दुमिंगनं जाळं घेतलं नाही. तो वाडा सोडून दुसऱ्या बंदरात गेला, आणि तिथं रविवारीही बोटीवर जाऊ लागला. ते ऐकून कातरीन दोन दिवस जेवली नाही.

ती मिस्साला जाऊ लागली. इनासबरोबर जाई, बाजूच्या दाराशी बसे. पण देवळात तिला देव भेटेना. मग ती फादरकडे गेली, पापांची कबुली दिली, सगळं सांगितलं. तिन्ही घंटांचंही सांगितलं. म्हणाली, "फादर, मी गुडघे टेकते, तोंडानं म्हणते, पण आत काही हलत नाही. देवानं माझ्याकडे पाठ केली."

फादर म्हणाले, "देवानं नाही केली. तू त्याच्यापाशी मागतेस काय?"

"तो एक रविवार परत मागते."

फादर म्हणाले, "तो मिळायचा नाही, बाय. मी तुला खोटं सांगणार नाही. देव पाप माफ करतो. पण झालेला दिवस न झालेला करून देत नाही. ते सोडून माग."

"मग मी काय करू?"

"तुझं व्रत कुठं सुटलं?"

"न्यायला हवं होतं, तिला नेलं नाही. तिथं सुटलं."

"तिथूनच पुन्हा धर."

"आता घरात न्यायला कोण आहे?"

फादर म्हणाले, "माझ्या देवळात जागा रिकाम्या आहेत. त्या कुणाकुणाच्या, ते माझ्यापेक्षा तुला जास्त ठाऊक आहे."

कातरीन घरीं आली, आणि येत्या रविवारी इनासला घेऊन, खुर्ची घेऊन निघाली. पहिल्या घरीं गेली. तिथं दुमिंगची आई पडून असे. कातरीन म्हणाली, "मावशी, देवळात न्यायला आले." ती म्हणाली, "मला माझा लेक नेत होता. त्याला तू बोटीवर नेलंस. मग मी एकटीच घरीं पडून देवाचं नाव घ्यायला शिकले. आता मला तुझी खुर्ची नको." तिनं भिंतीकडे तोंड केलं. कातरीन उंबऱ्याबाहेरून हात जोडून निघाली.

दुसऱ्या घरीं गेली. तिथली म्हातारी पावसाळ्यात वारली होती. कातरीनला तेही ठाऊक नव्हतं. सून दारीं आली, पाणी दिलं, म्हणाली, "फार वाट बघायच्या त्या." कातरीननं पाणी घेतलं. भांडं परत दिलं आणि पुढे निघाली.

तिसऱ्या घरीं गेली. तिथं बस्त्याव म्हणून म्हातारा होता. आंधळा, पायांनी अधू, आणि तोंडाचा तिखट. त्यानं विचारलं, "कोण?"

"कातरीन. इनासची."

"मासळीवाली?"

"हो."

"तुझ्या खुर्चीत बसायचे मला पैसे देणार का?"

"नाही, काका."

"मग बसतो," बस्त्याव म्हणाला. "दिले असतेस तर बसलो नसतो."

इनासनं पुढचे बांबू धरले, कातरीननं मागचे. बस्त्याव मोनीआयच्या दुप्पट जड. वाटभर कुरकुरत होता. खुर्ची हलते, ऊन लागतं, इनासला चालता येत नाही. देवळात त्याला बाजूच्या दाराशी ठेवलं. फादरांचं प्रवचन सुरू झालं तसा तो घोरू लागला. गाणं सुरू झालं तसा जागा झाला आणि सगळ्यांच्या पुढे एक कडवं जाऊन मोठ्यानं म्हणू लागला. पुढच्या बायका मागे वळून हसल्या. कातरीनलाही हसू आलं. हसता हसता रडू आलं. आयला माती दिल्यापासून ती रडली नव्हती. ती रडली, आणि रडता रडता 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणू लागली, आणि ते शेवटपर्यंत म्हटलं. मनाला फार आनंद झाला असं नाही. पण ऐकणारा कुणीतरी आहे, एवढं तिला पुन्हा कळलं.

तेव्हापासून कातरीननं रविवार सोडला नाही. समुद्रानं कधी दिलं, कधी दिलं नाही. कौलं फुटली, तिथं झावळ्या घातल्या. बहिणींनी लग्नाला बोलावलं, तेव्हा ती आपण होऊन चुलीपाशी बसली, आणि काटा रुतला नाही. बस्त्याव मेला, मग दुसरं कुणी खुर्चीत बसलं, मग तिसरं कुणी. वर्षांमागून वर्षं गेली, तेव्हा दुमिंगच्या आईनं एकदा निरोप धाडला, येऊन बघ म्हणून. कातरीन धावत गेली. तिला नेलं. ती वाटेत एक शब्द बोलली नाही, आणि कातरीननंही बोलायला लावलं नाही.

कातरीनचे केस पिकले. शेजारी एक नवी नवरी आली होती. तिच्या नवऱ्याला एका बोटीवर रविवारचं काम सांगून आलं होतं. ती कातरीनपाशी आली, जवळ बसली, आणि हळूच विचारू लागली, "काकी, एखादा रविवार गेला तर काय होतं हो?"

कातरीननं तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "काही होत नाही, बाळा. आभाळ कोसळत नाही, होडी बुडत नाही, देव रागावून दारीं येत नाही. उलट घर भरतं. म्हणून तर कळत नाही."

नवरी उठून घरीं गेली. तिनं पुढे काय केलं, ते कहाणीत नाही. ते तिचं तिच्यापाशी, आपलं आपल्यापाशी.

कातरीनला जे उशिरा उमगलं, ते तुम्हांआम्हां वेळेवर उमगो. आपल्या घरीं जो न्यायचा आहे, तो दारीं वाट बघत बसला आहे तोवर आपले पाय घराकडे वळोत. भरल्या हातांना देवाची आठवण राहो, रित्या हातांना देवाचा आधार राहो. साठां उत्तरांची ही रविवारची कहाणी पाचां उत्तरांत तुमच्या पदरीं घातली. देवबाप तिला फळ देवो, आणि ती तुमच्या घरीं सुफळ, संपूर्ण होवो. आमेन.